उसातल्या बिबट्याची मोजणी

(हे भागाचं लिखित रूप आहे. बोलताना झालेली अडखळ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे.)

 आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला. माझा मामेभाऊ जुन्नर तालुक्यात शेती करतो. मागच्या महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला त्याचा आवाज आला, "दादा, आज रात्रीची लाईट आहे. बारानंतर दारं धरायला जायचंय. काल वरच्या वस्तीवरचं कुत्रं उचललं. तू एवढे इतिहासाचे भाग करतो, मग एक सांग, आपल्या शिवारात वाघ आहेत तरी किती?"

शहरातल्या मंडळींसाठी दोन गोष्टी सांगतो. दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देताना एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवणं. शेतीपंपाची वीज बऱ्याच वेळा रात्रीची असते, म्हणून हे काम अंधारात, चिखलात, उसाच्या कडेला वाकून करावं लागतं. आणि आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात.

मला वाटलं, गुगल केलं की आकडा मिळेल. देशाचा मिळाला, राज्याचाही मिळाला. पण भावाच्या शिवाराचा काही मिळेना. का मिळत नाही हे शोधत गेलो आणि थेट शंभर-दीडशे वर्षं मागं पोहोचलो.

आपल्या देशात मोठ्या जनावरांची पहिली पद्धतशीर नोंद झाली ती मेलेल्या जनावरांची. इंग्रज सरकार वाघ, बिबट्या, लांडगा मारणाऱ्याला बक्षीस द्यायचं. कातडं आणा, पैसे न्या. पैसे दिले की नोंद आलीच. या नोंदींवरून इतिहासकार महेश रंगराजन यांनी हिशोब मांडलाय: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांवर वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. जिवंत किती होते, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात ४० हजार वाघ होते असं आपण शाळेपासून ऐकतो ना? तो आकडा ई. पी. जी या निसर्ग अभ्यासकाचा. हा आसामातला चहामळेवाला माणूस. त्याने बऱ्याच वर्षांनंतर मागं वळून बांधलेला तो अंदाज होता. अंदाज म्हणून ठीक आहे, पण त्याची जनगणना कधी झाली हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

जिवंत वाघ मोजायचा पहिला देशव्यापी प्रयत्न १९७२ चा. त्यामागं ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधुरी होते. (याच चौधुरींच्या घरात खैरी नावाची वाघीण लहानाची मोठी झाली. त्यावर एक वेगळा भाग होईल.) त्यांची पद्धत पायाच्या ठशांची. वनरक्षक पायवाटा, ओढ्याकाठची वाळू तुडवत जायचा. ठसा दिसला की त्यावर काच धरायची, काचेवर पेनानं बाह्यरेषा गिरवायची, मग ती कागदावर उतरवायची. काही ठसे प्लॅस्टरमध्ये ओतून घ्यायचे. मग सगळे ठसे मांडून ठरवायचं की हा नर, ही मादी, हा कालचाच, हा नवीन. त्या वर्षी देशात १८२७ वाघ भरले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९७३ ला, व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

आज आपण या पद्धतीला नावं ठेवतो, पण मला त्या वनरक्षकांबद्दल आदर वाटतो. काच आणि पेन घेऊन भर उन्हात रान पालथं घालणं खायचं काम नाही. अडचण त्यांच्या पायांत नव्हती, ठशात होती. तोच वाघ ओल्या मातीत चालला तर ठसा पसरट उमटतो, कोरड्या धुळीत वेगळा, पळाला तर आणखीनच वेगळा. मग एका वाघाचे तीन होतात. किंवा तिघांचा एक. आणि दुसरी अडचण माणसांची. वाघ वाढले की शाबासकी, कमी झाले की चौकशी. अशा ठिकाणी आकडा कोणत्या बाजूला कलणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

फुगा फुटला तो राजस्थानातल्या सरिस्कात. २००४ च्या मोजणीत कागदावर सोळा-अठरा वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रात बातमी आली की तिथं वाघच दिसत नाहीत. शोधाशोध झाली. एकही नव्हता. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि वह्यांमधले वाघ मात्र खुशाल फिरत होते. पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं आणि मोजणीची पद्धत बदलायचं ठरलं.

बदलून काय आणलं? कॅमेरा. तसा तो नवा नव्हता. १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा इंग्रज वनाधिकारी हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत वाटेवर तार लावून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःचाच फोटो काढायचा. चॅम्पियनला ते फोटो बघताना लक्षात आलं की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंत यांनी यावर शास्त्र उभं केलं. (हे मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. कन्नड लेखक शिवराम कारंतांचे चिरंजीव.) त्यांनी कॅमेऱ्याला एका जुन्या गणिती युक्तीची जोड दिली. ही युक्ती इतकी सोपी आहे की इथं थोडं थांबूया.

समजा गावच्या तळ्यात मासे किती आहेत हे तुम्हाला शोधायचंय. तळं उपसायचं नाही. जाळं टाका, ५० मासे पकडा, शेपटीला खूण करा आणि सोडून द्या. ते पाण्यात मिसळू द्या. चार दिवसांनी परत जाळं टाका. समजा ४० मासे आले आणि त्यात १० खुणेचे निघाले. म्हणजे जाळ्यात आलेल्यांतला दर चौथा मासा खुणेचा. मग तळ्यातलाही साधारण दर चौथा मासा खुणेचा असणार. खुणेचे एकूण ५० आहेत. म्हणजे तळ्यात साधारण २०० मासे. झालं. डेन्मार्कचा पीटरसन १८९० च्या दशकात माशांवर हे करत होता आणि अमेरिकेचा लिंकन १९३० मध्ये बदकांवर. वाघाला खूण करायची गरजच नाही, ती तो अंगावर घेऊनच जन्मतो. जाळ्याच्या जागी कॅमेरा.

याचं खरं सौंदर्य वेगळंच आहे. जे दिसले नाहीत त्यांचाही हिशोब यात लागतो. आणि उत्तर एका आकड्यात येत नाही. "इतके, पण थोडं इकडं-तिकडं" असं येतं. २००६ च्या नव्या पद्धतीत देशात १४११ वाघ निघाले. तुमच्यातल्या काहींना टीव्हीवरची "फक्त १४११ उरले" ही जाहिरात आठवत असेल. प्रत्यक्ष अहवालात होतं ११६५ ते १६५७ च्या दरम्यान. जाहिरातीत "च्या दरम्यान" मावत नाही. त्याच्या आधीच्या, ठशांच्या मोजणीत ३६४२ होते. मग मधल्या काळात दोन हजार वाघ मेले का? काही नक्कीच मेले, आणि काही मुळात नव्हतेच. कुठले किती, हे आता वेगळं करता येत नाही. मोजमाप बदललं की जुन्या-नव्याची वजाबाकी करता येत नाही.

बरं, हे सगळं झालं जंगलातलं. ठशांची काच असो की कॅमेरा, मोजणारा जायचा जंगलातच, कारण वाघ-बिबट्या जंगलात राहतो असं आपण धरून चाललो होतो. आता जुन्नरला येऊ.

मी पाचवीत असेन. शेजारच्या वस्तीवर पिंजरा लागला होता. आत शेळी बांधलेली. ती रात्रभर ओरडली आणि मी गोधडीत कान झाकून पडलो. तिसऱ्या दिवशी बिबट्या सापडला. शाळा बुडवून सगळं गाव बघायला गेलं. पिंजरा गाडीवर चढवला, कुणीतरी म्हणालं, "घाटात सोडणारेत." आमच्या लेखी हिशोब मिटला. एक होता, एक गेला, बाकी शून्य. दिवाळीनंतर त्याच बांधावर दुसरा दिसला.

तो काळ २००१ ते २००३ चा. जुन्नर भागात बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले अचानक वाढले होते, लहान मुलं जात होती. लोक चिडलेले, खात्यावर दबाव, म्हणून पिंजरे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्या काळच्या नोंदी तपासल्या. पकडलेल्यांपैकी २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले होते. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, जुन्नरमध्ये वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. सोडायला लागल्यावर ते १७ वर गेले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. आणि जिथं बिबटे सोडले त्या भागातही हल्ले व्हायला लागले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर गेलो. कारण ज्या पिंजऱ्याला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, तोही यातलाच एक असणार. कुणाचा वाईट हेतू नव्हता. खात्याचा नव्हता, गावाचा तर नव्हताच. सगळ्यांना मनापासून वाटत होतं की बिबट्या जंगलातून वाट चुकून आलाय, त्याला घरी पोचवू. पण तो वाट चुकलेला नसेल तर? त्याचं घरच इथं असेल तर आपण त्याला घरातून उचलून अनोळखी मुलखात फेकत होतो. बिथरलेला, भुकेला, परतीची वाट शोधत माणसांमधून चाललेला. आणि इकडं त्याची मोकळी झालेली जागा दुसरा येऊन घेत होता. वाट चुकलेला की इथलाच, हे कळायला शिवारात मोजायला हवं होतं. तेच कुणी केलं नव्हतं.

ते झालं अकोल्यात, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. विदर्भातल्या मंडळींनी गोंधळू नये! प्रवरेचं खोरं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, मग कालवे, पुढं कारखाने, लिफ्ट. तिकडं जुन्नरला कुकडी प्रकल्पाची धरणं. बाजरी-मठाच्या रानात ऊस उभा राहिला. आपल्याला त्यात साखर दिसते. बिबट्याला काय दिसतं? वर्ष-दीड वर्ष कुणी आत येत नाही असं दहा फूट उंच, गार, पाण्याजवळचं रान. पिल्लं घालायला याहून सुरक्षित जागा नाही. म्हणूनच तोडणीच्या दिवसांत उसात पिल्लं सापडतात. आता वनखात्याची माणसं ती पिल्लं क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेतात आणि बऱ्याचदा आई येऊन घेऊन जाते.

अत्रेय आणि सहकाऱ्यांनी (त्यात कारंतही होते) शेतांमधल्या गाडीवाटांवर, ओढ्यांच्या काठानं समोरासमोर कॅमेरे लावले. समोरासमोर अशासाठी की बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, दोन्ही बाजू मिळाल्या तरच ओळख पटते. कॅमेऱ्यात काय काय आलं असेल विचार करा. दुधाची किटली अडकवलेल्या मोटरसायकली, शाळेची पोरं, शेळ्या, आणि काही तासांनी त्याच वाटेवर बिबट्या. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ प्रौढ बिबटे. नेमकं सांगायचं तर ४.८, सव्वा-एक इकडं-तिकडं. आणि तितकेच तरस! तरसांचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या भागात दर चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात. म्हणजे तीस हजार माणसांच्या मधोमध दहा मोठी मांसाहारी जनावरं. जंगल नाही, हरणं नाहीत. आणि माणूस मरण्याच्या घटना अगदी विरळा.

मग खातात काय? विष्ठा तपासली तेव्हा उत्तर मिळालं: मुख्यतः कुत्री. भक्ष्याच्या वजनात जवळजवळ ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं उकिरड्यावर.

काही बिबट्यांना जीपीएसचे पट्टेही लावले. दिवसा उसात किंवा झुडपात पडून राहायचं, माणसं झोपली की घरांच्या जवळून फिरायचं, असा त्यांचा दिनक्रम दिसला. त्यातला एक तुम्हाला माहीत आहे, आजोबा. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला, पट्टा लावून माळशेजला सोडलेला. तो चालत चालत, महामार्ग आणि रेल्वे ओलांडत, सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. २०१४ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला. पण सिनेमापेक्षा मला त्याच्या नकाशावरचे ठिपके जास्त रोमांचक वाटतात. एवढ्या वाटेत त्यानं एकाही माणसाला हात लावल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो गेला.

त्याच वर्षी केंद्र सरकारनं बिबट्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सरसकट पकडून लांब सोडू नये, असं त्यात आलं. मोजणीचा हाही एक उपयोग.

खरं तर आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना कॅमेऱ्याची गरजच नव्हती. अकोल्याच्या डोंगरभागात वाघबारस करतात, वाघोबाच्या दगडापुढं नैवेद्य ठेवतात. वाटेवर उभे असलेले ते शेंदूर लावलेले दगड म्हणजे इतिहासाच्या भाषेत पुरावाच आहे. ऊस यायच्या आधीपासून इथं हा शेजारी होता आणि लोकांनी त्याची दखल घेतली होती. त्या दगडावर संख्या लिहिलेली नाही एवढंच. याचा अर्थ सगळं गुण्यागोविंदानं चाललंय असा मात्र कुणी काढू नका. शहरात बसून "सहजीवन" म्हणणं सोपं आहे. ज्याच्या अंगणातून पोर गेलं त्याच्यापुढं तो शब्द उच्चारायची माझी हिंमत नाही. अजूनही जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेडमध्ये पोरं आणि म्हातारी माणसं जातात.

आता भावाच्या प्रश्नाकडं. २०२२ च्या राष्ट्रीय अंदाजात देशात १३,८७४ बिबटे आणि महाराष्ट्रात १,९८५. बातम्यांमध्ये हेच आकडे असतात. पण ही मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलपट्ट्यातली. जंगलाबाहेरचे बरेच भाग त्यात धरलेले नाहीत, म्हणून हा आकडा किमान समजावा, असं त्या अहवालमालेतच म्हटलंय. म्हणजे माझ्या भावाच्या उसातला बिबट्या त्या दोन हजारांत बहुधा नाहीच. मुंबईकरांची तरी सोय आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या परिसरात २०१५ मध्ये ३५ बिबटे ओळखले गेले, २०१८ मध्ये ४७, आणि कित्येकांना नावंही आहेत. पण उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावायचे तर दर तोडणीला रान बदलतं. आज भिंतीसारखा उभा असलेला ऊस उद्या सपाट, आणि बिबट्या पलीकडच्या शिवारात.

मग अकोल्याचा पाचाचा दर जुन्नरला लावून गुणाकार करू का? मोह झाला होता, कॅल्क्युलेटरही काढला होता. पण तो दर त्या खोऱ्याचा, त्या वर्षांतला. इतक्या वर्षांनी दुसऱ्या तालुक्यावर चिकटवला तर मीही सरिस्काची वही लिहिल्यासारखंच झालं.

शेवटी भावाला लांबलचक व्हॉइस नोट पाठवली. म्हटलं, आकडा नाही सांगता येत. पण कॅमेऱ्यांनी आणि पट्ट्यांनी एक सांगितलंय की तो तिथंच असतो, रोज, तुला दिसला नाही त्या रात्रीही. म्हणून एकटा जाऊ नको, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लाव, बॅटरी आणि काठी ठेव, सरीत वाकून बसून राहू नको, दर थोड्या वेळानं उभा राहा. पोरांना अंधार पडला की अंगणाबाहेर सोडू नको. उकिरडा घरापासून लांब हलव, म्हणजे कुत्री जमणार नाहीत. आणि ग्रामसभेत दिवसाच्या विजेची मागणी लावून धरा, कारण तुझा जीव बिबट्यांच्या संख्येपेक्षा वेळापत्रकावर जास्त अवलंबून आहे.

सकाळी त्याचं उत्तर आलं. पाणी भरून झालं होतं, मागं कुठंतरी चहाची भांडी वाजत होती. म्हणाला, "सगळं बरोबर आहे दादा, पण आकडा काय तू सांगितला नाही. मग माझाच धर. मी या वर्षी पाच बघितले." मग थोडा थांबला. "नाहीतर एकच पाच वेळा."